खिशातला कारकून

माझ्या मुलाच्या पणजोबांना लोक ‘नजरवाले’ म्हणत, आजोबांना ‘दोरीवाले’ आणि वडिलांना, म्हणजे माझ्या यजमानांना, ‘टेपवाले’. गिऱ्हाईक दारातून खुर्चीपर्यंत चालत येई, तेवढ्या वेळात पणजोबांचे माप घेऊन झालेले असे. आजोबा दोरीला गाठी मारत आणि माप पाठ झाले की गाठी सोडून तीच दोरी पुढच्या गिऱ्हाइकाला लावत. माझे यजमान जन्मभर गळ्यात टेप घालून वावरले. तो नसला की त्यांना उघडे उघडे वाटे. साधने बदलली, पण एक नियम तिघांनीही मोडला नाही. आमच्या दुकानात माप लिहीत नसत.

नियम पणजोबांचा, आणि त्याला कारण होते. कोट शिवणाऱ्याला माणसाविषयी असे काही कळते, जे कधी कधी त्याच्या बायकोलाही ठाऊक नसते. कोणाचा एक खांदा पडका असतो, कोणाच्या पाठीला बाक असतो, कोणाची छाती म्हणजे निव्वळ आमचा कापूस असतो. हे झाकण्यासाठीच लोक आमच्याकडे येत. झाकायची गोष्ट कागदावर मांडून ठेवणे म्हणजे घरचा पडदा रस्त्यावर वाळत घालणे, असे पणजोबांचे मत होते. म्हणून माप डोक्यात ठेवायचे, आणि ते डोक्यात पक्के बसावे म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला एक घरातले नाव द्यायचे. पडका खांदा. लांब मान. दोन पोटे. ही नावे कापायच्या टेबलाच्या अलीकडे उच्चारायची. टेबलाच्या पलीकडे गिऱ्हाईक उभे असते. तिथे सगळे नुसते ‘साहेब’. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला हे टेबल आधी दाखवले आणि स्वयंपाकघर नंतर.

माझा मुलगा या ओळीतला चौथा. त्याच्या हातात बापापेक्षाही सफाई होती. हे मी आईच्या मायेने म्हणत नाही. सासऱ्यांची, नवऱ्याची आणि मुलाची, अशी तिघांची कातर मी जवळून पाहिली आहे, त्या अधिकाराने म्हणते.

पन्नाशी उलटली आणि त्याचे चुकू लागले. पहिल्यांदा त्याने एका कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्या. आम्ही हसलो. झोप झाली नसेल, असे सूनबाई म्हणाली. मग एकदा त्याने ‘लांब मान’चे माप ‘दोन पोटे’ला लावले, आणि कच्च्या शिलाईवर कोट घालून बघताना तो गृहस्थ आत असा अडकला, की त्याला उसवून बाहेर काढावे लागले. तेव्हा मात्र कोणी हसले नाही. डॉक्टरांनी त्याच्या डोक्याचे फोटो काढले, उजेडावर धरून पाहिले आणि मला सांगितले की हा आजार उतरणीचा आहे. थांबवता येत नाही, जमले तर वेग थोडा कमी करता येतो. मी त्यांना एकच विचारले, की हा टेबलापाशी किती दिवस उभा राहू शकेल? ते म्हणाले, सगळे लिहून ठेवायची सवय लावा. आपण हे कोणत्या घराला सांगत आहोत, याची त्या भल्या माणसाला कल्पना नव्हती.

त्यानंतर आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. मुलगा कातर धरू शकला तर दुकान होते, आणि दुकान होते तोवर तो ‘मास्टर’ होता. ते गेले की तो कोण, याचे उत्तर घरात कोणाकडे नव्हते.

सूनबाई विमा कंपनीत कारकून आहे. तिचा भाऊ फोन विकतो. त्या काळी मोबाइल फोन नुकतेच लोकांच्या हातात दिसू लागले होते, तेही नुसते बोलण्यापुरते. एका रविवारी हा मेहुणा एक नव्याच तऱ्हेचा फोन घेऊन आला आणि त्याने तो कापायच्या टेबलावर, खडूच्या डबीशेजारी ठेवला. डोक्यावर अंगठ्याएवढा खुंट, पोटाशी काच, काचेखाली आमच्या डबीतल्या लहानात लहान बटणांएवढ्या कळा, आणि कडेच्या खाचेत, शिंप्याने बाहीच्या दुमडीत सुई खोचावी तशी खोचलेली एक काडी. काडीने काचेवर टोचायचे की आतले कप्पे उघडतात, असे तो सांगू लागला. एका कप्प्यात माणसांची नावे, एकात दिनदर्शिका, एकात टिपणे. कोणाला कधी बोलावले आहे ते हे यंत्र स्वतःच आठवण ठेवून सांगते, आणि वर याच्यावरून फोनही करता येतो. सगळ्याला मिळून त्याने एक नाव दिले होते, आणि ते तो मोठ्या कौतुकाने घेत होता.

“खिशातला कारकून आहे, आई. विसरायचं नाव नाही.”

“कारकून खिशात मावतो,” मी म्हणाले, “पगार मागत नाही, उलट बोलत नाही. मग तुझ्या बहिणीला कचेरीत अजून कशाला ठेवून घेतलंय?”

सूनबाई हसली नाही. तिने ते यंत्र उचलून माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, “आधी वजन तर करा. मग नावं ठेवा.”

मी वजन केले. आमच्या घरात वस्तूचे वजन हातावर होत नाही, कोटात होते. पुतळ्यावर एक तयार कोट चढवलेला होता, त्याच्या आतल्या खिशात मी ते यंत्र सोडले. डावी बाजू तत्काळ खाली ओढली गेली, छातीपाशी सुरकुती पडली आणि इतकी देखणी कॉलर एखाद्या उदास माणसासारखी मानेपासून सुटून आली. मी म्हणाले, जी वस्तू खिशात ठेवल्याने शिवण बिघडते, ती खिशासाठी केलेलीच नाही. मेहुण्याचा चेहरा उतरला. यंत्र महिनाभर वापरून पाहा, पटले नाही तर परत न्यायला येतो, असे म्हणून तो उठला.

मुलगा उठला. तो पुतळ्याजवळ गेला. त्याने यंत्र काढले, खिसा आतून उसवला, अस्तराच्या आत खांद्याच्या शिवणीपासून एक पट्टी खाली सोडली आणि खिसा तिला टांगला. असा खिसा त्याच्या बापाने केला नव्हता की आजोबांनी. सगळे वजन खांद्यावर गेले. यंत्र पुन्हा आत सोडले तेव्हा कोट हलला नाही. कोणाला काही न विचारता, एकदाही न अडखळता, त्याने ते सगळे एका बैठकीत केले. कित्येक महिन्यांत असे झाले नव्हते. सूनबाई तोंड फिरवून इस्त्रीपाशी गेली. मी मेहुण्याला सांगितले, ठेव.

नियमाचा प्रश्न उरला होता, आणि तो माझ्या अखत्यारीतला होता. सूनबाईचे म्हणणे असे, की हे लिहिणेच नव्हे. कागद नाही, शाई नाही, आणि चार आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही असे कुलूप आहे. पणजोबांनी कागदाला मनाई केली होती, काचेला नाही, असा अर्थ लावून मी परवानगी दिली. पुढच्या आठवड्यात मुलाला ते चार आकडे आठवेनात, म्हणून कुलूप काढून टाकावे लागले.

दुकान बंद झाले की आम्ही तिघे टेबलाभोवती बसू लागलो. मुलगा डोळे मिटून मापे सांगे आणि सूनबाई काडीने टोचून आत भरी. जुनी मापे त्याच्या डोक्यात अजून दगडावर कोरल्यासारखी होती. आजची सकाळ तेवढी पुसून जाई. मात्र यंत्र आधी नाव मागे, मग आडनाव मागे, मगच मापापाशी येऊ देई. सूनबाईने खरे नाव विचारले की तो चाचपडू लागे, कपाळ चोळी, चिडे. त्याच्या दृष्टीने त्या माणसाचे नाव ‘पडका खांदा’ हेच होते, आणि ते नाव घेतले की छाती, मुंढा, बाही, उंची असे सगळे ओळीने बाहेर येई. अखेर तीच नावे आत गेली. यंत्राला आपली लिपी येत नव्हती, तेव्हा परक्या अक्षरांत गेली. पावत्यांवरून प्रत्येकाचा फोन नंबरही सूनबाईने त्यापुढे घातला, कारण तसा कप्पा होता आणि रिकामा कप्पा तिला पाहवत नाही.

आणि काही काळ ते चालले, हे मी मान्य केले पाहिजे. सकाळी यंत्र किणकिणे, आज ‘लांब मान’ ट्रायलला येणार असे दाखवी. मुलगा छातीवर हात ठेवून ते काढी, आकडा वाची, खडू उचली, आणि खडू उचलेपर्यंत आकडा गेलेला असे. पुन्हा काढी, पुन्हा वाची. एका बाहीला आता जेवढा वेळ लागे तेवढ्यात पूर्वी अख्खा कोट बेतून होई. पण कापड चुकले नाही. त्या दिवसांत मी सूनबाईच्या माहेरच्यांविषयी एकही वाकडा शब्द काढला नाही, ही गोष्ट तिने अजून लक्षात ठेवली आहे.

आमचे एक निवृत्त न्यायाधीश होते. वकिली सुरू केली तेव्हाचा पहिला कोट त्यांनी माझ्या सासऱ्यांकडून शिवून घेतला, तेव्हापासूनचे गिऱ्हाईक. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे त्यांच्या कमरेखाली डाव्या बाजूला भर कमी होती. आम्ही पँटच्या आत कापसाची एक पातळ गादी बसवत असू आणि वरून कोटाची उंची किंचित वाढवत असू. उभ्या जन्मात कोणाला शंका आली नाही. सासऱ्यांची भाषा रोखठोक होती, त्यामुळे त्यांनी ठेवलेले घरातले नावही रोखठोक होते. ते लिहिणे मला शोभत नाही. पण पुढे जे झाले ते त्याशिवाय कळणार नाही. ते नाव होते ‘दीडकुल्ले’.

न्यायाधीशांच्या नातीचे लग्न ठरले होते. त्यासाठी शिवलेल्या सुटाच्या ट्रायलला येताना ते होणाऱ्या व्याह्यांनाही घेऊन आले. आमचे दुकान त्यांना दाखवायचे होते. कच्चा कोट अंगावर चढला, फार छान बसला. न्यायाधीश खुशीत होते. मुलाने छातीवरच्या खिशातून यंत्र काढून काहीतरी वाचले ते त्यांनी पाहिले. स्वतः त्यांनीही नवा मोबाइल घेतला होता आणि नवी वस्तू घेतलेल्या माणसाला ती वापरायला निमित्त हवेच असते. ते म्हणाले, “मास्टर, मी फोन लावला तर तुमच्या त्या यंत्रात माझं नाव उमटतं का हो?” आणि त्यांनी तिथेच, आरशासमोर उभ्या उभ्या, नंबर लावला.

मी बटणांच्या कपाटापाशी होते. कोणते नाव उमटेल, हे मला सुचायला उशीर झाला. यंत्र वाजले. मुलाने ते आदबीने दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरले. न्यायाधीशांनी चष्मा लावला आणि परकी अक्षरे एकेक जुळवत मोठ्याने वाचू लागले. दोन अक्षरे वाचली, तिसरे वाचले, आणि थांबले. व्याही त्यांच्या खांद्यावरून डोकावत होते. त्यांनी उरलेले वाचून पूर्ण केले आणि अगदी निर्मळ मनाने विचारले, “हे तुमचं मूळ आडनाव का?”

तेवढ्यावर निभावले असते. चूक झाली, दुसऱ्याच कोणाचे नाव आहे, यंत्र नवे आहे, काहीही सांगता आले असते. आमच्या घरातल्या कोणाही माणसाने ते झोपेतही सांगितले असते. मी पुढे झाले, तोंड उघडले, आणि माझ्याआधी माझा मुलगा बोलला. तो हसत होता.

“नाही, नाही, हे साहेबच. आजोबांपासून आमच्याकडे सगळे यांना असंच म्हणतात. डावीकडे कापूस भरावा लागतो ना.”

टेबलाच्या अलीकडे आम्ही ज्या घरगुती सुरात बोलतो, त्याच सुरात त्याने हे सांगितले. त्याच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता, भीती नव्हती. विचारले त्याचे उत्तर आले, याचा आनंद होता.

न्यायाधीश सभ्य गृहस्थ. त्यांनी टाचण्या लागणार नाहीत अशा बेताने कोट उतरवला, घडी केली, टेबलावर ठेवला. व्याह्यांना बाहेर गाडीत बसायला सांगितले. मग माझ्यासमोर येऊन म्हणाले, “वहिनी, तुमच्या सासऱ्यांनी नाव काही चुकीचं ठेवलं नव्हतं. पण इतकी वर्षं ते माझ्या कानावर येऊ दिलं नाहीत, म्हणून मी या दुकानाची पायरी चढत होतो.” मी हात जोडले. त्याहून जास्त काही करण्यासारखे नव्हते.

संध्याकाळी मेहुणा धावत आला. त्याचे म्हणणे, दोष नावांचा आहे. खरी नावे घाला, प्रश्न मिटला. फोन वाजला तरी नाव दिसू नये अशीही सोय यंत्रात आहे, ती तो लगेच करून देतो. सूनबाई त्याच्या बाजूने हिरिरीने बोलत राहिली. तिने एका पाठोपाठ एक उपाय मांडले, आणि प्रत्येक उपाय बरोबर होता. मी दोघांचे ऐकून घेतले. यंत्रात काही खोट नव्हती. आम्ही जे दिले ते त्याने जसेच्या तसे सांभाळले. तेवढा प्रामाणिक नोकर या दुकानात पूर्वी कधी आला नव्हता. पण कोणती गोष्ट टेबलाच्या अलीकडची आणि कोणती पलीकडची, हे आम्ही त्याला दिले नव्हते. ते माप नव्हे, नाव नव्हे, तारीख नव्हे.

“ते कोणत्या कप्प्यात भरशील?” मी मेहुण्याला विचारले. त्याने यंत्राची काडी खाचेत परत खोचली.

मुलगा खुर्चीत बसून काज करत होता. मी जवळ बसले आणि शांतपणे विचारले, की साहेबांसमोर तसे का बोललास? त्याने सुई थांबवली. माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच काही विसरते आहे.

“पण ते खरंच आहे ना, आई?”

मी होय म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठी कातर तेल लावून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. त्याने दोनदा विचारले, कातर कुठे आहे. धार लावायला दिली, असे मी दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही.

आता गिऱ्हाइकांचे काय करायचे, हे मला ठरवावे लागणार होते, आणि ठरवायला वेळ लागला नाही, कारण रस्त्यापलीकडे दुसरे एक कोटाचे दुकान आहे. त्यांना आम्ही नुसते ‘समोरचे’ म्हणतो. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, ऐन लग्नसराईत, आमच्या दुकानाला आग लागली होती. टेबल गेले, शिलाईची यंत्रे गेली, वाचले ते सासऱ्यांच्या डोक्यातले माप. तेव्हा आत्ताच्या समोरच्यांच्या वडिलांनी सासऱ्यांना आपल्या टेबलाचा अर्धा भाग दिला, आमची सगळी कामे आपल्या छपराखाली आमच्याच नावाची पट्टी लावून पुरी करू दिली, आणि आमचे दुकान उभे राहिले त्या दिवशी एकूण एक गिऱ्हाईक परत पाठवले. एकालाही ठेवून घेतले नाही. उरलेले कापडसुद्धा ज्याचे त्याच्या नावाने बांधून धाडले. सासरे अखेरपर्यंत म्हणत, समोरच्यांचे एक अख्खे दुकान आपल्या अंगावर आहे.

सूनबाईला मी दोन दिवस रजा काढायला लावली. तिने यंत्र उघडायचे, घरातले नाव वाचायचे, मी खरे नाव सांगायचे, तिने ते घालायचे आणि खालचे माप पुसायचे. मुलगा शेजारी बसून ऐकत होता. “पडका खांदा,” ती वाचे, आणि त्याचा चेहरा उजळे. ती खरे नाव घाली, आणि तो, कोण हा, असे विचारी. तिने एकदा माझ्याकडे विनवणीने पाहिले, की मापे तरी राहू द्यावीत, समोरच्यांच्या कामी येतील. मी नाही म्हणाले. मापे आमच्याकडे विश्वासाने ठेवलेली होती, ती दुसऱ्याला देण्याइतकी आमची नव्हती. मग त्याच यंत्रावरून मी प्रत्येकाला स्वतः फोन लावला आणि सांगितले, की यापुढचा कोट समोर शिवा. कित्येकांनी कारण विचारले. मी प्रकृती एवढेच सांगितले. न्यायाधीशांनी विचारले नाही. सूट समोरच पुरा करून घेईन, असे तेच म्हणाले.

मग नावे आणि नंबर उतरवलेला कागद, कापून झालेले, न कापलेले आणि उरलेले सगळे कापड, ज्याचे त्याच्या नावाने बांधून, आम्ही तिघे रस्ता ओलांडून गेलो. समोरचे भावजी माझ्याहून थोडे लहान, पण केस सगळे पांढरे. त्यांनी उठून खुर्ची दिली. मी बसले नाही. कशासाठी आलो ते सांगितले, त्यांच्या वडिलांचे नाव घेतले, आणि गाठोडी टेबलावर ठेवायला लावली. त्यांनी एकेका गाठोड्यावरचे नाव वाचले.

“वहिनी, आमच्या वडिलांनी हे कधी देणं म्हणून धरलंच नाही.”

“त्यांनी धरलं नाही, म्हणून आम्ही विसरायचं?”

त्यांनी मान खाली घातली. मग माझ्या मुलाकडे पाहिले. तो त्यांच्या टेबलाच्या कडेवरून, लाकडाचा गुळगुळीतपणा जोखत, हात फिरवत होता. भावजी आवाज उतरवून बोलले, की हे जास्तच झाले, आणि एक त्यांचे ऐकावे. मास्टरांना रोज इथे बसू द्यावे. कातर नको, काज करतील, अस्तर लावतील, हात अजून चालतो त्यांचा. माणसांत राहतील. सूनबाई एक पाऊल पुढे आली. तिला हे हवे होते. गेले अनेक महिने तिला यापेक्षा दुसरे काही नको होते.

“भावजी,” मी म्हणाले, “मी देणं फेडायला आलेय. नवं करायला नाही.”

सूनबाईने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. भावजींनी गाठोडी आपल्या बाजूला ओढून घेतली, कागद उचलून घडी केला आणि खिशात ठेवला.

“बरं,” ते म्हणाले. “मग सगळं फिटलं, वहिनी.”

शेवटचे गाठोडे अजून माझ्या मुलाच्या हातात होते. त्याने एकदम मान वर केली. चेहऱ्यावर पूर्वीचा मास्टर होता.

“फिट झालं?” त्याने विचारले. “काखेत आवळत नाही ना?”

मी त्याच्या हातातले गाठोडे काढून घेतले आणि बाकीच्यांशेजारी ठेवले.

“नाही,” मी म्हणाले. “कुठेच आवळत नाही.”